शेवटचे २०० मीटर: जहाज धक्क्याला लावताना बोर्डावरचा आकडा खरा आहे हे कसं ओळखायचं?

अंबडचा_पॅनेलवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नाशकात बसून समुद्रावर धागा काढतोय, पण हा विषय गेले काही महिने डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितो. अंबड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, आम्ही मोठे एलईडी बोर्ड बनवतो, म्हणजे वजनकाट्यावर ट्रक चढला की लांबून वजन दिसतं ते, बाजार समितीतले भावाचे, कारखान्यातले प्रॉडक्शनचे वगैरे. मागच्या वर्षी एका पार्टीमार्फत पश्चिम किनाऱ्यावरच्या एका तेलाच्या टर्मिनलवरचा बोर्ड दुरुस्त करायचं काम आलं. नाव लिहीत नाही.

तिथे गेल्यावर पहिल्यांदा मोठा टँकर जेट्टीला लागताना बघितला. माझ्या डोक्यात होतं की जहाज येतं, हळू होतं आणि लागतं. तसं नसतंच. जहाज आधी जेट्टीपासून लांब, जेट्टीला समांतर असं जवळजवळ थांबवतात आणि मग टग, म्हणजे ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या छोट्या दणकट बोटी, त्याच्या कुशीला नाक लावून त्याला आडवं ढकलत आणतात, इतकं सावकाश की पाच मिनिटं बघत राहिलं तरी हललंय का नाही कळत नाही. आणि खरा धोका ह्याच वेळात असतो.

जेट्टीवर दोन लेझर बसवलेले असतात, एक जहाजाच्या पुढच्या बाजूवर रोखलेला एक मागच्या. ते सारखं अंतर मोजतात, अंतर किती भराभर कमी होतंय त्यावरून वेग काढतात, आणि पुढचं-मागचं अंतर वेगळं असेल तर जहाज किती तिरकं येतंय तेही कळतं. हे सगळं कंट्रोल रूममध्ये दिसतं, पायलटच्या (जहाज बंदरात आणायला चढलेला बंदराचा माहितगार) हातातल्या यंत्रावर जातं आणि जेट्टीवर उभ्या केलेल्या मोठ्या बोर्डावर दिसतं, जो पायलट जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या उंच खोलीतून बघतो. वेग सेंटीमीटर पर सेकंदमध्ये. बोर्डाशेजारी हिरवा पिवळा लाल दिवा.

आता मुद्दा. आम्ही गेलो त्याच्या आधीच्या जहाजाला काय झालं होतं ते तिथल्या ऑपरेटरने सांगितलं. बोर्डावर पुढच्या टोकाचा वेग १० दिसत होता. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर १८. जहाज अजून बरंच लांब होतं म्हणून निभावलं, ऑपरेटरने वॉकीटॉकीवर ओरडून सांगितलं आणि टगने मागे ओढून धरलं. कारण एवढंच की एकम स्थानच्या आकड्यातली मधली आडवी पट्टी खाऱ्या हवेने गंजून मेली होती. सात पट्ट्यांच्या आकड्यात ८ ची मधली पट्टी गेली की ० दिसतो. ७ ची वरची गेली की १ दिसतो. म्हणजे बोर्ड बंद पडत नाही, तो खोटं बोलतो, आणि दिसायला एकदम व्यवस्थित दिसतो.

वीस वर्षं मी हे आकडे बनवतोय, बाजार समितीत पट्टी गेली की शेतकरीच सांगतात भाऊ तुमचा आकडा तुटला. तिथे कोण सांगणार? पट्टी बदलून मी परत आलो पण समाधान झालं नाही. इथे जहाजावर, पोर्टवर काम केलेलं कोणी असेल तर सांगा, ब्रिजवरून हा बोर्ड खरंच किती बघतात, आणि बोर्डाने स्वतःला कसं तपासावं?

दर्या_ते_गोदा

धागा वाचून फार बरं वाटलं. मी टँकरवर कॅप्टन होतो, आता निवृत्त होऊन गंगापूर रोडला राहतो. उत्तर सविस्तर देतो.

आधी हे लक्षात घ्या की डोळ्याला हा वेग कळत नाही. मोठ्या टँकरचा ब्रिज अगदी मागे असतो, पाण्यापासून खूप उंच, आणि जहाजाचं नाक तिथून २०० मीटरहून जास्त पुढे. ब्रिजच्या कडेला उभं राहून खाली बघितलं तर पाणी आणि जेट्टीची कड दिसते, पण ती १० सेंटीमीटरने जवळ येतेय का १८ ने हे चाळीस वर्षं काम केलेल्या माणसालाही शपथेवर सांगता येणार नाही. रात्री तर नाहीच. आम्ही तरुण असताना पुढे एक ऑफिसर उभा असायचा आणि तो वॉकीटॉकीवर सांगायचा, पन्नास मीटर, चाळीस, तीस. तो अंदाजच. आणि त्या अंदाजावरून वेगाचा अंदाज, म्हणजे अंदाजावर अंदाज.

जहाजाचं स्वतःचं यंत्र असतं. सोलास, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ५०,००० ग्रॉस टनांच्या वरच्या जहाजाला पुढचा आणि आडवा दोन्ही वेग दाखवणारं यंत्र लागतंच. पण जेट्टीजवळ टगचे पंखे पाणी ढवळून काढतात, त्या फेसाळ पाण्यात ध्वनीलहरींवर चालणारं हे यंत्र, ज्याला लॉग म्हणतात, ते गडबडतं. आणि आकडा नॉटच्या (तासाला एक सागरी मैल) दहाव्या भागात दिसतो, म्हणजे ५ सेंटीमीटरची एक पायरी. जिथे ८ आणि १२ मधला फरक महत्त्वाचा तिथे ५ ची पायरी काय कामाची.

लोकांना वाटतं इतक्या कमी वेगाने काय होणार. १ लाख टनांचं जहाज घ्या. २० सेंटीमीटर पर सेकंद, म्हणजे तासाला पाऊण किलोमीटरसुद्धा नाही, रांगणारं बाळ याहून जोरात जातं. पण त्या जहाजात तेवढीच ऊर्जा असते जेवढी ४० टनांच्या भरलेल्या ट्रेलरमध्ये ताशी ३६ किलोमीटरला असते. कसारा घाटातून उतरणारा ट्रेलर भिंतीवर आदळला तर काय होईल ते नाशिककरांना सांगायला नको. वेग निम्मा, १० केला की ऊर्जा पाव होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून हा एक आकडा इतका मोलाचा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, बघतात. मी स्वतः शेवटच्या ५० मीटरमध्ये बोर्डावरून नजर काढत नसे. तुमचा १८ चा १० झाला हे वाचून मला खरंच कसंतरी झालं.

पिंपळगावचा_बागाईतदार

कॅप्टन साहेब नमस्कार. आमची द्राक्षं दरवर्षी रीफर म्हणजे थंड कंटेनरमधून न्हावाशेव्यावरून युरोपला जातात, जानेवारी ते एप्रिल आमचा जीव त्या जहाजांच्या टाइमटेबलमध्ये अडकलेला असतो. कंटेनरच्या जहाजांना पण हे लेझर असतं का? एखादं जहाज धक्क्याला जोरात लागलं आणि क्रेन मोडली तर धक्का किती दिवस बंद राहील आणि मागे रांगेत थांबलेल्या मालाचं काय, हा विचार आजपर्यंत डोक्यात आला नव्हता, आज आला.

दर्या_ते_गोदा

@पिंपळगावचा_बागाईतदार, भाऊ, जेट्टीवरचे लेझर प्रामुख्याने तेल, वायू आणि रसायनांच्या टर्मिनलवर दिसतात, कारण तिथे धडक म्हणजे पाइप फुटणं, गळती, आग. कंटेनरच्या मोठ्या जहाजांना नाकाजवळ आडवा ढकलणारा पंखा असतो, त्याला बो थ्रस्टर म्हणतात, मोठ्या टँकरना तो सहसा नसतो. आणि आता बरेच पायलट स्वतःचं पोर्टेबल युनिट सोबत नेतात, त्याचे अँटेना ब्रिजच्या दोन टोकांना ठेवायचे आणि टॅबवर आपलं जहाज आणि धक्का दिसतो.

पण क्रेनबद्दलची तुमची भीती अगदी बरोबर आहे. ६ एप्रिल २०२० ला दक्षिण कोरियाच्या बुसान बंदरात मिलानो ब्रिज नावाचं मोठं कंटेनर जहाज धक्क्याला लागताना क्रेनवर गेलं आणि अख्खी क्रेन कोसळली. जहाज रिकामं होतं, त्यामुळे पाण्याबाहेर खूप वर आलेलं, पंख्याचा काही भागसुद्धा पाण्यावर, आणि वेग जास्त. रिकामं जहाज हलकं म्हणून सोपं असं वाटतं. उलट त्याची उंच बाजू शिडासारखा वारा धरते आणि पंखा-सुकाणू नीट पकड घेत नाहीत.

इटलीत जेनोआला ७ मे २०१३ च्या रात्री जॉली नेरो नावाचं जहाज बंदरातून बाहेर पडताना फिरवत असताना थेट पायलटांच्या टॉवरवर आदळलं, टॉवर पडला, ९ माणसं गेली. ती जेट्टीला लागण्याची घटना नव्हती आणि लेझरने ती टळली असती असंही मी म्हणत नाही. सांगतोय एवढ्यासाठी की बंदराच्या आत जहाज सावकाश असतं म्हणून निर्धोक असतं असं कोणी समजू नये.

देवळालीचा_तोफची

तोफखान्यात होतो, लेझर रेंज फाइंडर वापरून आयुष्य गेलं, म्हणून लेझरबद्दल चार गोष्टी.

लेझरचा ठोका जातो, वस्तूवर आपटून परत येतो, गेल्या-आल्याचा वेळ मोजायचा. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतरात १५ सेंटीमीटरची चूक. सेंटीमीटरपर्यंत पोचायचं तर यंत्र फार बारकाईने वेळ मोजणारं लागतं आणि एका ठोक्यावर भरवसा ठेवून चालत नाही, अनेक ठोक्यांची सरासरी काढावी लागते.

दुसरं. धूळ, धूर, धुकं, जोराचा पाऊस. लेझर धुक्यावरच आपटून परत येतो आणि यंत्र त्यालाच लक्ष्य समजतं. पहिला परतावा घ्यायचा का शेवटचा हे ठरवावं लागतं. आम्ही देवळालीच्या फायरिंग रेंजवर धुळीत ह्याचा पुष्कळ अनुभव घेतलाय.

तिसरं. काळं, ओलं, चकचकीत पृष्ठभाग. काळा रंग प्रकाश गिळतो आणि चकचकीत पत्रा तिरका असेल तर तो भलतीकडे फेकतो. जहाजाचं अंग काळं, ओलं आणि नाकापाशी वळलेलं. तिथे लेझर रोखला तर आकडा नाचणार.

आणि काच. काच रोज पुसा. आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ही.

अंबडचा_पॅनेलवाला

सुभेदार साहेब का हवालदार साहेब माहीत नाही, पण तुमचं शेवटचं वाक्य वाचून उठून बसलो. तिथल्या एका लेझरच्या काचेवर मिठाचा थर मी बोटाने खरवडून काढला होता. पुसायचं काम कोणाचं हे तिथे तिघांना विचारलं, तिघांनी वेगवेगळी नावं सांगितली.

नाकाच्या वळणाचं तुम्ही बरोबर पकडलंत. तिथले लोक सांगत होते की लेझर जहाजाच्या मधल्या सपाट भागावरच पडला पाहिजे, पण छोटं जहाज आलं तर तो सपाट भाग आखूड, मग पुढच्या लेझरचा ठिपका वळणावर जातो. वर भरती-ओहोटी. जहाज भरलेलं असेल तर खोल बसतं, रिकामं असेल तर उंच, आणि ओहोटीला सगळंच खाली जातं.

दर्या_ते_गोदा

मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी जवळजवळ ५ मीटर चढ-उतार करतं, खंभातच्या आखातात तर त्याच्या दुपटीच्या आसपास. लेझर कुठल्या उंचीवर बसवायचा हे ठरवताना सगळ्यात खोल बसलेलं जहाज आणि सगळ्यात खालची ओहोटी हे दोन्ही एकत्र धरून ठरवावं लागतं, नाहीतर ठिपका जहाजाच्या डेकवरून पलीकडे निघून जातो.

तिसरं_वर्ष_इन्स्ट्रु

मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पंचवटीत राहतो, एक शंका आहे कोणी रागावू नका. एवढं लेझर बसवण्यापेक्षा जीपीएस का नाही वापरत, मोबाइलमध्ये पण असतं. आणि सरासरी काढायची म्हणालात तर ती किती वेळाची?

देवळालीचा_तोफची

रागावायचं काय त्यात. सरासरीचा प्रश्न चांगला विचारलास. समज यंत्र सेकंदाला १० वेळा अंतर घेतं आणि प्रत्येक वेळी १ सेंटीमीटर इकडेतिकडे चुकतं. लागोपाठच्या दोन आकड्यांची वजाबाकी करून वेग काढलास तर जहाज जागेवर उभं असूनही १० सेंटीमीटर पर सेकंदचा वेग दिसेल. म्हणून काही सेकंदांची सरासरी लागते. पण सरासरी जास्त लांबवली तर बोर्ड जुना वेग दाखवतो, टगने जोर लावून दहा सेकंद झाले तरी आकडा हलत नाही, मग पायलटला वाटतं जोर कमी पडला आणि तो आणखी ढकलायला सांगतो. दोन्हींच्या मधलं गाठावं लागतं. वर्गात फिल्टर शिकवले असतील, ते इथे लाव.

दर्या_ते_गोदा

जीपीएसचं मी सांगतो. साधं जीपीएस काही मीटरने चुकतं, रस्ता शोधायला ठीक, जेट्टीला चालत नाही. जमिनीवर एक पक्क्या जागेचं स्टेशन ठेवून त्याच्याकडून सारखी दुरुस्ती घेत राहिलं, ज्याला आरटीके म्हणतात, की ते काही सेंटीमीटरपर्यंत येतं. दोन अँटेना लावले की जहाजाची दिशाही बारकाईने कळते. पायलटचं पोर्टेबल युनिट हेच करतं. त्याला धुकं-पाऊस आडवा येत नाही हा मोठा फायदा. पण ते अँटेना कुठे आहे ते सांगतं, जहाजाची कड कुठे आहे ते तू भरलेल्या मापांवरून काढतं, आणि माप चुकीचं भरलं तर कड चुकते. लेझर प्रत्यक्ष पत्र्यापर्यंतचं अंतर मोजतो. म्हणून दोन्ही असावेत आणि दोन्ही जुळतायत का ते बघावं, जुळत नसतील तर थांबावं.

सिव्हिलवाली_मेरी_कॉलनी

उशिरा आले पण हा माझा विषय आहे. मी जेट्टी आणि फेंडरच्या (जहाजाचा धक्का झेलायला जेट्टीला लावलेले रबरी ठोकळे) डिझाइनवर काही वर्षं काम केलंय, आता नाशकातच आहे.

कॅप्टन साहेबांनी ऊर्जेचं सांगितलं त्यात एक भर. जहाज एकटं येत नाही, भोवतीचं पाणी सोबत घेऊन येतं. जहाज थांबलं तरी ते पाणी मागून ढकलत राहतं. त्यामुळे हिशोबात जहाजाचं वजन दीडपट किंवा त्याहून जास्त धरावं लागतं, आणि तळाखाली पाणी जितकं कमी तितकं हे जास्त. उलट जहाज तिरकं येऊन एका टोकाने टेकलं तर ते फिरतं आणि थोडी ऊर्जा त्या फिरण्यात जाते, ती वजा होते. उरलेली सगळी ऊर्जा रबरी फेंडरने दाबलं जाऊन गिळायची.

आता हा भाग नीट वाचा. मोठ्या टँकरसाठी डिझाइनचा वेग साधारण १० सेंटीमीटरच्या आसपास धरला जातो, जहाज जितकं मोठं तितका कमी. त्यावर सुरक्षेसाठी ऊर्जेला एक गुणक लावतात, पियांक ह्या बंदर-जलमार्गांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००२ च्या मार्गदर्शिकेत तो जहाजाच्या प्रकार-आकाराप्रमाणे १.२५ पासून २ पर्यंत होता, आणि सगळ्यात मोठ्या टँकरला सगळ्यात कमी, १.२५. ऐकायला २५ टक्के जास्त वाटतं. पण ते ऊर्जेचं आहे. वेगासाठी त्या गुणकाचं वर्गमूळ काढा, १० चे फक्त ११ सेंटीमीटर होतात. गुणक २ घेतला तरी १४. तुमच्या बोर्डावर १० दिसताना जहाज १८ ने येत होतं. १० च्या तुलनेत सव्वातीन पट ऊर्जा. फेंडर तळाला टेकला की पुढे कडक काँक्रीट आणि पोलाद, आणि समोर जहाजाचा पत्रा. कोणीतरी फाटणार.

म्हणून पॅनेलवाले भाऊ, तुम्ही मागे लागलाय ते योग्य आहे, सोडू नका.

अजून एक. हे आकडे फक्त त्या क्षणापुरते वापरून टाकून देऊ नयेत. प्रत्येक जहाज किती वेगाने, किती कोनात लागलं ह्याची नोंद सिस्टीममध्ये राहते. फेंडरचं रबर वर्षांनुवर्षं उन्हात कडक होत जातं. कुठल्या फेंडरने किती मार खाल्लाय हे नोंदीतून काढता येतं, पण मी ज्या एका जागी तपासणीला गेले होते तिथे त्या नोंदी कोणी उघडूनच बघितल्या नव्हत्या. फेंडरला तडे गेल्यावर आम्हाला बोलावलं.

निफाडची_लेक

मी कधी लिहीत नाही पण आज लिहावंसं वाटलं. माझे मिस्टर जहाजावर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम होते. जहाज जेट्टीला लागल्यावर दोर बांधायचं काम त्यांचं आणि त्यांच्या माणसांचं. एका परदेशी बंदरात दोर ताणून तुटला आणि तडाखा त्यांच्या खांद्याला बसला. जीव वाचला पण उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. त्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले बोर्ड कायम ब्रिजकडे तोंड करून असतो, पुढच्या डेकवर दोर धरून उभ्या असलेल्या माणसाला जहाज किती जोरात चाललंय हे कोणी सांगत नाही, त्याला दोर कडक झाला की कळतं. ह्याचं काही होऊ शकतं का?

दर्या_ते_गोदा

ताई, तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. तुटलेल्या दोराचा तडाखा किती भयंकर असतो ते मी बघितलंय. पूर्वी डेकवर रंगाने पट्टे मारून सांगायचे की दोर तुटला तर ह्या भागात येईल, इथे उभे राहू नका. पण दोर रोलरवरून वळलेला असेल तर तो कुठेही येऊ शकतो, त्यामुळे आता सगळा दोरकामाचा भागच धोक्याचा समजा असं सांगतात. दोर आणि बांधणीच्या यंत्रणेबद्दल सोलासचे नवे नियम १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेत, दोरांची तपासणी आणि नोंद ठेवणं त्यात आलं.

टर्मिनलच्या बाजूने एक चांगली गोष्ट म्हणजे दोर अडकवायचे हूक. त्यात ताण मोजणारा सेन्सर असतो, कुठल्या दोरावर किती टन ताण आहे ते कंट्रोल रूममध्ये दिसतं, ताण वाढला की घंटा वाजते, आणि आणीबाणीत हूक एका खटक्यात सुटतो. जहाज लागल्यानंतर तेच लेझर पुढेही चालू ठेवतात, तेल उतरवताना जहाज जेट्टीपासून सरकतंय का ते बघायला. पण तुमचे मिस्टर म्हणतात ते खरं आहे, ही सगळी माहिती कंट्रोल रूममध्ये आणि ब्रिजवर जाते, दोरापाशी उभ्या माणसाकडे जात नाही.

सातपूर_कॉलनी_७

सगळं वाचलं, चांगलं लिहिलंय, पण माझं मत वेगळं आहे. माझा भाऊ टगवर आहे. तो म्हणतो अनुभवी पायलटला यंत्राची गरज नसते, हे सगळं नंतर अपघात झाला तर कागद दाखवायला. आणि थोड्या वर्षांत जहाजं आपोआपच लागायला लागतील, नॉर्वे-फिनलंडमध्ये झालंय म्हणे. मग एका पट्टीसाठी एवढं कशाला?

दर्या_ते_गोदा

तुमच्या भावाचा अनुभव मी नाकारत नाही, टगवरच्या माणसाशिवाय एकही मोठा टँकर लागत नाही. आपोआप लागण्याचे प्रयोग २०१८ मध्ये झाले हे बरोबर, नॉर्वेत फोल्गेफोन आणि फिनलंडमध्ये फाल्को. पण त्या फेरी बोटी. छोट्या, चपळ, रोज त्याच दोन धक्क्यांमध्ये जाणाऱ्या. ३ लाख टन तेल भरलेलं जहाज, चार टग, अनोळखी वारा ही वेगळी गोष्ट आहे. आणि आपोआप लागायचं झालं तरी ते यंत्र आकडा कुठून घेणार? ह्याच सेन्सरमधून. काच तीच, मीठ तेच.

अनुभवाचं म्हणाल तर एक प्रसंग सांगतो. रात्र होती, पाऊस नुकताच थांबला होता, बंदराचा पायलट माझ्यापेक्षा वयाने मोठा आणि फार हुशार माणूस. आम्हा दोघांनाही वाटत होतं की जहाज छान सावकाश चाललंय. बोर्डावर मागच्या टोकाचा वेग १४, १५, १६ असा चढत होता. खालून प्रवाह मागची बाजू आत लोटत होता आणि ब्रिजवरून ते जाणवतच नव्हतं. त्यांनी बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता मागच्या टगला ओढायला सांगितलं. जहाज ७ ने टेकलं. त्या रात्री आमच्या दोघांचाही अनुभव चुकत होता. बोर्डावर त्या वेळी १६ च्या जागी दुसरं काही दिसलं असतं तर, ह्याचा विचार मी हा धागा वाचेपर्यंत कधी केला नव्हता.

सातपूर_कॉलनी_७

हे भावाला पाठवतो. त्याने उत्तर दिलं तर इथे टाकेन.

पिंपळगावचा_बागाईतदार

आता वाढवणचं बंदर होतंय, ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं, एक-एक हजार मीटरचे ९ कंटेनर टर्मिनल म्हणतात. तिथल्या मच्छीमारांचं म्हणणं वेगळं आहे आणि ते ऐकलं पाहिजे असं मला वाटतं. पण बंदर झालंच तर आपल्या नाशिकचा माल तिथून जाईल, मग हे बोर्ड, पॅनेल, सेन्सरची देखभाल आपल्या अंबड-सातपूरच्या पोरांनी का करू नये? पॅनेलवाले भाऊ, पुढे काय केलंत ते सांगा.

अंबडचा_पॅनेलवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, आठ दिवस वर्कशॉपमध्येच होतो म्हणून उशीर झाला. काय केलं ते सांगतो.

पहिलं, प्रत्येक पट्टीचा करंट वेगळा मोजायचा. पट्टीला पेटायला सांगितलं आणि करंट गेला नाही तर ती मेली. एकही पट्टी मेली की त्या रांगेत आकडा दाखवायचाच नाही, नुसत्या आडव्या रेघा. पायलटला रेघा दिसल्या की तो रेडिओवर कंट्रोल रूमला विचारेल, १० दिसला तर विचारणार नाही.

दुसरं, लेझरकडून नवीन आकडा २ सेकंदांत आला नाही तर परत रेघा. आधीच्या बोर्डात वायर तुटली तर शेवटचा आकडा तसाच राहायचा, हे मला उघडल्यावर कळलं आणि घाम फुटला. जहाज येतंय आणि बोर्डावर मघाचाच वेग गोठलेला.

तिसरं, जहाज यायच्या आधी सगळे ८ पेटवून बघायचे आणि बघणाऱ्याने सही करायची. त्याच कागदावर काच पुसली का ही ओळ सुभेदार साहेबांच्या सांगण्यावरून घातली. नाव लिहायची जागा एकच ठेवलीय, तीन नाही.

चौथं, सरासरी. पंचवटीचा मुलगा गेले चार दिवस माझ्याकडे येतोय. त्याने कॉलेजचं छोटं लेझर मॉड्यूल आणलं, आम्ही एक मोठा पत्रा ट्रॉलीवर उभा केला आणि शेडमध्ये सावकाश ढकलत राहिलो, एकदा पांढरा, एकदा काळ्या रंगाचा, एकदा काळा आणि ओला. ओल्या काळ्याला तिरका धरला की आकडा खरंच नाचतो, सुभेदार साहेब म्हणाले तसाच.

शनिवारी बोर्ड गच्चीवर चढवला आणि २०० मीटरवरच्या चौकात जाऊन दुपारी बारा वाजता बघितलं. ऊन समोरून असताना ७ आणि १ मध्ये अजून फरक कमी वाटतो, त्यावर काम चालू आहे. मग पोराला वर पाठवलं आणि १८ दाखवत असताना ८ ची मधली पट्टी काढून घ्यायला सांगितली. एक सेकंद गेला आणि रेघा आल्या.

निफाडच्या ताई, तुमच्या मिस्टरांचा प्रश्न माझ्याकडून सुटलेला नाही, पण एक छोटा बोर्ड करतोय, फक्त पुढच्या टोकाचं अंतर आणि वेग, तोंड जहाजाच्या पुढच्या डेकच्या दिशेने. टर्मिनलवाल्यांनी बघू म्हटलंय, नाही म्हटलेलं नाही. तो किती उंच लावावा आणि दोर घेताना माणसाची नजर नेमकी कुठे असते, हे त्यांना विचारून सांगाल का? ते अंबडला येऊ शकत असतील तर मी निफाडला गाडी पाठवतो.

निफाडची_लेक

विचारलं. म्हणाले दोर घेताना नजर खाली असते, वर बघायला वेळ नसतो, त्यामुळे बोर्ड उंच लावू नका, जेट्टीच्या कडेला हुकाच्या जवळ लावा, जिथे दोराचा फास पडतो तिथे. गुरुवारी येतो म्हणाले. गाडी नको, एसटीने येतील.